११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दक्षिण मॅनहॅटनमधील रहिवाशांची नुकसानभरपाई

११ सप्टेंबर, २००१ रोजी न्यू यॉर्क शहरातील वर्ल्ड ट्रेड सेंटरवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या नागरिकांनी घर, भाडे, घरातील सामान आणि आरोग्य यांच्या हानीबद्दल भरपाई मागितली. या मागणीसाठी झालेले अर्ज, दावे, कायदे आणि न्यायालयीन निकाल यांचा आढावा या लेखात घेतला आहे. हल्ल्यात न्यू यॉर्क येथे २,७५३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांच्या वारसांना व जखमींना भरपाई देणारा कायदा अकराव्या दिवशी, २२ सप्टेंबर, २००१ रोजी संमत होऊन अमलात आला. त्याच भरपाईची दारे आजारी पडलेल्या रहिवाशांना प्रत्यक्षात उघडली ती ऑक्टोबर २०११ मध्ये. मधल्या दहा वर्षांत वाद मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: जे मेले नाहीत, ज्यांनी बचावकार्य केले नाही, केवळ तेथे राहत होते, त्यांना हल्ल्याचे बळी मानावे की नाही.

परिसर

दक्षिण मॅनहॅटनची ओळख वॉल स्ट्रीटमुळे कचेऱ्यांचा भाग अशी असली तरी तेथे वस्तीही होती. या भागाच्या समाज मंडळ क्रमांक १ या प्रशासकीय विभागात २०००च्या जनगणनेनुसार सुमारे ३४,००० लोक राहत होते. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पश्चिमेला असलेली बॅटरी पार्क सिटी ही वसाहत हडसन नदीत भर घालून तयार केलेल्या जमिनीवर उभी आहे, आणि त्या भरावात याच मनोऱ्यांच्या पायाची खणून काढलेली माती आहे. उत्तरेला ट्रायबेका हा जुन्या गोदामांचे प्रशस्त घरांत रूपांतर झालेला भाग, तर ईशान्येला चायनाटाउन. चायनाटाउनमधील बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका उपाहारगृहे व शिवणकामाचे कारखाने यांवर चालत असे. भरपाईच्या दृष्टीने हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला, कारण एकाच नियमाचा लाभ ट्रायबेकातील भाडेकरूला जितका मिळाला तितका चायनाटाउनमधील भाडेकरूला मिळाला नाही.

हल्ल्याच्या दिवशी बॅटरी पार्क सिटीतील हजारो रहिवाशांनी घरे सोडली. अनेकांना बोटींतून नदीपलीकडे न्यू जर्सीत नेण्यात आले. प्रारंभी १४व्या रस्त्याच्या दक्षिणेकडील संपूर्ण भाग बाहेरच्यांसाठी बंद करण्यात आला; काही दिवसांत ही सीमा कॅनल स्ट्रीटपर्यंत खाली सरकली. तिच्या आत राहणाऱ्यांना घरी जाण्यासाठी नाक्यावर पत्ता सिद्ध करणारे कागद दाखवावे लागत. मनोऱ्यांच्या अगदी लगतच्या इमारतींतील लोकांना काही मिनिटांसाठी, पहाऱ्यात, औषधे, कागदपत्रे किंवा पाळीव प्राणी आणण्यापुरता प्रवेश मिळे. वीज व दूरध्वनी बंद होते. ढिगाऱ्यातील आग डिसेंबर २००१ पर्यंत धुमसत राहिली आणि ढिगारा हटविण्याचे काम ३० मे, २००२ रोजी संपले. हा ढिगारा ट्रकांतून जवळच्या धक्क्यावर आणून तराफ्यांवर चढवला जाई. तो धक्का स्टायव्हसंट या सरकारी माध्यमिक शाळेला लागून होता आणि शाळा ९ ऑक्टोबर, २००१ पासून पुन्हा भरू लागली होती.

धूळ

रहिवाशांच्या बहुतेक दाव्यांच्या मुळाशी धूळ होती. मनोरे कोसळताना काँक्रीट, जिप्सम, काचतंतू, ॲस्बेस्टॉस, शिसे व कार्यालयांतील सर्व सामान यांचा चुरा झाला आणि तो उघड्या वा फुटलेल्या खिडक्यांतून व वातानुकूलन यंत्रांतून घरांत शिरला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत ही धूळ तीव्र अल्कधर्मी असल्याचे आढळले. घरांतील, म्हणजे पावसाने न धुतल्या गेलेल्या नमुन्यांत हा गुणधर्म अधिक होता.

१८ सप्टेंबर, २००१ रोजी संघराज्य शासनाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी शहरातील हवा श्वसनास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. शहराच्या आरोग्य विभागाने परतणाऱ्या रहिवाशांना ओल्या फडक्याने व योग्य गाळणी असलेल्या व्हॅक्यूम यंत्राने घर स्वतः पुसून घेण्याचा सल्ला दिला. घराच्या आतील स्वच्छतेची जबाबदारी कोणत्या शासकीय यंत्रणेची, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहिला. संघराज्याची संस्था शहराकडे बोट दाखवी, शहर घरमालकाकडे आणि घरमालक भाडेकरूकडे. या भागाचे काँग्रेस सदस्य जेरॉल्ड नॅडलर यांनी ही जबाबदारी कायद्याने पर्यावरण संरक्षण संस्थेचीच असल्याची भूमिका लावून धरली.

मे २००२ मध्ये संस्थेने घरे विनामूल्य स्वच्छ करण्याची वा तपासण्याची योजना जाहीर केली. तोपर्यंत बहुतेकांनी घरे एकदा तरी झाडून-पुसून घेतली होती. कॅनल, ॲलन व पाइक या रस्त्यांच्या दक्षिणेस असलेल्या सुमारे ४,१०० सदनिकांना योजनेचा लाभ मिळाला. त्या भागात २०,०००हून अधिक सदनिका होत्या. सहभाग ऐच्छिक होता, आणि एका सदनिकेची स्वच्छता झाली तरी शेजारची सदनिका व इमारतीची सामाईक वायुवाहिनी तशीच राहू शकत असे. ब्रुकलिनचा जो भाग त्या दिवशीच्या धुराच्या लोटाखाली आला होता तो योजनेत नव्हता.

ऑगस्ट २००३ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच महानिरीक्षकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हवा सुरक्षित असल्याचे सरसकट विधान करण्याइतकी माहिती सप्टेंबर २००१ मध्ये संस्थेकडे नव्हती, आणि व्हाइट हाऊसच्या पर्यावरण परिषदेने संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकांतील सावधगिरीचा मजकूर काढून आश्वासक मजकूर घालायला लावला, असे निष्कर्ष त्यात होते. रहिवाशांच्या मागणीला या अहवालाने नवे बळ दिले. आपत्तीबरोबरच शासनाच्या शब्दावर विसंबून घरी परतल्यामुळेही आपले नुकसान झाले, असे आता त्यांना शासनाच्याच कागदाच्या आधारे म्हणता येऊ लागले.

भाडे व घरमालक

सर्वांत आधी उभा राहिला तो भाड्याचा वाद. न्यू यॉर्क राज्याच्या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार भाडेकरूच्या चुकीशिवाय घर राहण्यास अयोग्य झाल्यास तो घर सोडू शकतो व त्यानंतरचे भाडे देणे लागत नाही. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार घर राहण्यायोग्य असल्याची हमी प्रत्येक निवासी भाडेकरारात गृहीत असते आणि ती कराराने काढून टाकता येत नाही. १९७९ मधील एका निकालात राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने स्पष्ट केले होते की, त्रयस्थाच्या कृत्यामुळे वा नैसर्गिक आपत्तीमुळे घर राहण्यायोग्य उरले नाही तरीही ही हमी लागू होते. घरमालकाचा दोष असणे आवश्यक नाही. तत्त्वतः भाडेकरूंची बाजू भक्कम होती. अडचण होती ती मोजमापाची. इमारतीत वीज आली, पण खिडकीबाहेर आग धुमसते आहे. घर पुसलेले आहे, पण त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कोणी तपासलेले नाही. अशा घराचे भाडे किती टक्क्यांनी कमी व्हावे? बॅटरी पार्क सिटीत भाडेकरू संघटनांनी सामूहिक वाटाघाटी केल्या आणि काही ठिकाणी भाडे रोखून धरण्याचा मार्ग अवलंबिला. त्यातून काही घरमालकांनी सवलती दिल्या.

स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांना हा मार्ग नव्हता. कर्जाचे हप्ते व इमारतीचा देखभाल खर्च घर बंद असतानाही चालू राहिला. ज्यांच्याकडे घरगुती विमा होता त्यांना स्वच्छता व तात्पुरत्या निवासाचा खर्च काही प्रमाणात मिळाला. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेने दहशतवाद जोखीम विम्याला शासकीय पाठबळ देणारा कायदा केला, पण तो व्यापारी मालमत्तेपुरता आहे. घरगुती विमा त्याच्या कक्षेत येत नाही.

निवासी अनुदान आणि नकाशावरील रेषा

परिसर ओस पडू नये म्हणून लोअर मॅनहॅटन विकास महामंडळाने २००२ मध्ये निवासी अनुदान योजना सुरू केली. तिचा पैसा संघराज्याच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याकडून आला. योजनेने परिसराचे तीन पट्टे पाडले. मनोऱ्यांच्या जागेला लागून असलेल्या पहिल्या पट्ट्यात, किमान दोन वर्षे तेथे राहण्याची हमी देणाऱ्या कुटुंबास मासिक भाड्याच्या ३० टक्क्यांच्या हिशेबाने दोन वर्षांत कमाल १२,००० डॉलर मिळत. दुसऱ्या पट्ट्यात कमाल मर्यादा ६,००० डॉलर होती. हल्ल्याच्या आधीपासून तेथे राहणाऱ्यांसाठी एकरकमी १,००० डॉलरचे वेगळे अनुदान होते आणि बाहेरच्या तिसऱ्या पट्ट्यातील लोकांना तेवढेच मिळू शकत होते. लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक छोटी रक्कम होती.

ही भरपाई नव्हे, राहण्याचे प्रोत्साहन होते, आणि योजनेवरील टीका नेमकी याच मुद्द्यावर झाली. हल्ल्यानंतर स्वस्त भाडे व अनुदान पाहून नव्याने राहायला आलेल्यालाही ते मिळत होते, तर आजारपणामुळे वा भीतीने घर सोडून गेलेल्या जुन्या रहिवाशाला मिळत नव्हते. रक्कम भाड्याच्या प्रमाणात असल्यामुळे अधिक भाडे भरणाऱ्यास अधिक मिळे. चायनाटाउनचा मोठा भाग कमी रकमेच्या पट्ट्यांत मोडला. शिवाय एकाच सदनिकेत दोन-तीन कुटुंबे पोटभाड्याने राहत असतील, भाडे रोखीने दिले जात असेल आणि करारावर नाव एकाचेच असेल, तर इतरांकडे दाखवायला कागद नसे. रस्ते व दूरध्वनी महिनोन्‌महिने बंद राहिल्याने शिवणकामाच्या कारखान्यांतील रोजगार बुडाला होता, पण आपत्ती व्यवस्थापनाच्या संघराज्यीय संस्थेने घरभाडे व हप्ते साहाय्याच्या योजनेत आरंभी ‘हल्ल्याचा थेट परिणाम’ ही अट इतकी काटेकोरपणे लावली की असे अनेक अर्ज फेटाळले गेले. काँग्रेसने हस्तक्षेप केल्यावर २००२ मध्ये हे निकष शिथिल झाले.

पहिला भरपाई निधी

२२ सप्टेंबर, २००१च्या कायद्याचा एक हेतू विमान कंपन्यांना दाव्यांच्या ओझ्याखाली बुडण्यापासून वाचविणे हा होता. म्हणून न्यायालयात जाण्याचा हक्क सोडणाऱ्यांना शासकीय निधीतून भरपाई देण्याची व्यवस्था त्यात केली गेली. केनेथ फाइनबर्ग यांच्या अधिकाराखाली २००४ पर्यंत चाललेल्या या पीडित नुकसानभरपाई निधीने सात अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली. मृत्यूचे २,८८० आणि इजेचे २,६८० दावे मंजूर झाले.

रहिवाशांचा यात जवळजवळ समावेश नव्हता. इजेचा दावा करणारी व्यक्ती हल्ल्याच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच घटनास्थळी असणे आवश्यक होते आणि ‘त्यानंतर लगेच’ याचा अर्थ बारा तास असा ठरला. बचाव कार्यकर्त्यांसाठी ही मुदत ९६ तासांची होती. वैद्यकीय उपचारही ठरावीक तासांच्या आत घेतलेले असणे अपेक्षित होते. घरी एका आठवड्याने परतून धुळीत राहिलेल्या आणि दोन वर्षांनी दम्याचे निदान झालेल्या व्यक्तीला या चौकटीत जागा नव्हती. मालमत्तेची हानी तर निधीच्या कक्षेतच नव्हती, आणि आजही नाही.

न्यायालयीन लढा

मार्च २००४ मध्ये दक्षिण मॅनहॅटन व ब्रुकलिनमधील रहिवासी, विद्यार्थी आणि नोकरदार यांनी व्हिटमन व पर्यावरण संरक्षण संस्थेविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. घरांची योग्य स्वच्छता, स्वतः केलेल्या स्वच्छतेचा खर्च आणि दीर्घकालीन वैद्यकीय देखरेखीसाठी निधी या त्यांच्या मागण्या होत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये जिल्हा न्यायाधीश डेबोरा बॅट्स यांनी दावा पुढे चालू देताना व्हिटमन यांच्या आश्वासनांवर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली आणि ती सदसद्विवेकबुद्धीला धक्का देणारी असल्याचे म्हटले.

एप्रिल २००८ मध्ये अपील न्यायालयाने हा दावा फेटाळला. बचाव कार्यकर्त्यांच्या अशाच एका दाव्यात त्याच न्यायालयाने आदल्या वर्षी मांडलेले तत्त्व येथेही लागू केले गेले. आणीबाणीत अधिकाऱ्यांना अपुऱ्या माहितीवर झटपट बोलावे लागते. चुकीच्या विधानाबद्दल त्यांना व्यक्तिशः जबाबदार धरले तर पुढच्या संकटात ते गप्प राहणेच पसंत करतील, आणि इजा करण्याचा हेतू नसताना चुकीचे आश्वासन देणे हा घटनात्मक हक्काचा भंग ठरत नाही, असा त्याचा आशय होता. निकाल कायद्याच्या दृष्टीने समजण्याजोगा आहे. रहिवाशांपुढे मात्र त्यामुळे काँग्रेसकडे जाण्याखेरीज मार्ग उरला नाही. ढिगारा उपसणाऱ्या १०,०००हून अधिक कामगारांचे दावे २०१० मध्ये ६२.५ कोटी डॉलरहून अधिक रकमेवर तडजोडीने मिटले. त्या तडजोडीचा विमानिधी ढिगारा हटविण्याच्या कामापुरता असल्याने रहिवाशांच्या घरांचा व त्यांच्या आजारांचा प्रश्न तिच्याबाहेर राहिला.

दवाखान्यापासून कायद्यापर्यंत

रहिवाशांचा दावा अखेर उभा राहिला तो वैद्यकीय नोंदींवर. चायनाटाउन व लोअर ईस्ट साइडमधील स्थानिक संघटनांच्या पाठपुराव्यामुळे शहराच्या बेलव्ह्यू रुग्णालयात परिसरातील दम्याच्या रुग्णांसाठी छोटे उपचार केंद्र सुरू झाले. शहराच्या व पुढे संघराज्याच्या पैशावर ते पर्यावरणीय आरोग्य केंद्र म्हणून विस्तारले. शहराच्या आरोग्य नोंदवहीत ७१,०००हून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्यांत कामगारांबरोबर रहिवासी व शाळकरी मुलेही होती. २००७ मध्ये शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी, धुळीत सापडून पाच महिन्यांनी दगावलेल्या एका नोकरदार महिलेचा मृत्यू हल्ल्यातील मृत्यूंमध्ये धरला. धुळीने नंतर आलेल्या मरणाला अशी अधिकृत मान्यता प्रथमच मिळाली.

२ जानेवारी, २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याला बचावकार्यात सहभागी असलेले व २००६ मध्ये मरण पावलेले पोलीस अधिकारी जेम्स झाद्रोगा यांचे नाव आहे. या कायद्याने आरोग्य योजना स्थापन केली आणि भरपाई निधी २.७७५ अब्ज डॉलरसह पुन्हा खुला केला. बारा तासांची अट गेली. ११ सप्टेंबर, २००१ ते ३० मे, २००२ या संपूर्ण काळात परिसरात असलेल्या व्यक्तीला दावा करता येऊ लागला. वकिलांच्या शुल्कावर १० टक्क्यांची मर्यादा आली.

रेषा मात्र कायम राहिल्या, आणि त्याही दोन वेगवेगळ्या. आरोग्य योजना मॅनहॅटनमध्ये ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेकडील सर्वांना व ब्रुकलिनमध्ये घटनास्थळापासून दीड मैलाच्या आतील वस्तीला लागू आहे. भरपाई निधीची निवासी हद्द मुख्यतः कॅनल स्ट्रीटपाशी संपते. परिणामी या दोन रस्त्यांमधल्या रहिवाशाला त्याच धुळीमुळे झालेल्या आजारावर उपचार मिळतात, पण भरपाई मिळत नाही. धूळ अर्थातच कॅनल स्ट्रीटपाशी थांबली नव्हती.

बचाव कार्यकर्ते आणि ‘वाचलेले’ या कायदेशीर संज्ञेत मोडणारे रहिवासी यांच्यातही फरक केला गेला. कार्यकर्त्याला लक्षणे नसतानाही नियमित तपासणीचा हक्क आहे. रहिवाशाला आधी लक्षणे दाखवावी लागतात. कार्यकर्त्याच्या उपचारांचा खर्च योजना करते. रहिवाशाच्या बाबतीत आधी त्याचा खासगी विमा पैसे देतो आणि उरलेले योजना देते.

पुरावा

आरोग्य योजनेने आजाराचा हल्ल्याशी संबंध प्रमाणित केल्यानंतर दावेदाराला आपण त्या काळात तेथे होतो हे दाखवावे लागते. त्यासाठी भाडेकरार, वीज वा दूरध्वनीची बिले, शाळेचे दाखले, वेतनपत्रे, आणि यांपैकी काही नसल्यास त्या वेळी दावेदाराला तेथे पाहिलेल्या व्यक्तींची शपथपत्रे स्वीकारली जातात. निवासी अनुदान मिळालेल्यांना जुन्या अर्जाचा अनपेक्षित उपयोग झाला, कारण त्या अनुदानाची पात्रता ही आरोग्य योजनेच्या निकषांपैकी एक आहे. ज्यांना २००२ मध्ये कागदाअभावी अनुदान नाकारले गेले त्यांना दहा वर्षांनी तोच कागद पुन्हा शोधावा लागला. त्या काळात शाळेत असलेली मुले आता तिशी-चाळिशीत आहेत, देशभर विखुरली आहेत, आणि आपण या कायद्यात बसतो हे त्यांतील अनेकांना कर्करोगाच्या निदानानंतरच कळते.

कर्करोगाचे सुमारे पन्नास प्रकार ऑक्टोबर २०१२ मध्ये मान्य आजारांच्या यादीत आले. वेदना व यातनांपोटी मिळणारी रक्कम पुढे कर्करोगासाठी २,५०,००० डॉलर व इतर आजारांसाठी ९०,००० डॉलर अशी मर्यादित करण्यात आली.

निधीची मुदत

डिसेंबर २०१५ मध्ये आरोग्य योजनेला २०९० पर्यंत मुदतवाढ मिळाली, पण भरपाई निधीला केवळ पाच वर्षांची आणि ४.६ अब्ज डॉलरची. दावे अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढले. फेब्रुवारी २०१९ मध्ये निधीच्या प्रशासक रूपा भट्टाचार्य यांनी प्रलंबित दाव्यांत ५० टक्के व नव्या दाव्यांत ७० टक्के कपात जाहीर केली. उशिरा आजारी पडलेल्याला कमी पैसे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. जूनमध्ये विनोदी कलाकार जॉन स्ट्युअर्ट यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे दिलेली साक्ष देशभर गाजली आणि २९ जुलै, २०१९ रोजी नव्या कायद्याने कपात रद्द झाली. २०११ नंतर पुन्हा सुरू झालेल्या निधीने २०२१ पर्यंत ४०,०००हून अधिक जणांना सुमारे ८.९ अब्ज डॉलर मंजूर केले होते.

जानेवारी २०२३ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा यादीत समावेश झाला. यादी आरंभी मुख्यतः पुरुष असलेल्या बचाव कार्यकर्त्यांच्या अभ्यासांवर बेतलेली असल्याने तो राहून गेला होता आणि त्याचा सर्वाधिक फटका रहिवासी व नोकरदार स्त्रियांना बसला होता. आजार हल्ल्याशी संबंधित असल्याचे कळल्यापासून दोन वर्षांच्या आत निधीकडे नाव नोंदवावे लागते. दावा दाखल करण्याची अंतिम तारीख १ ऑक्टोबर, २०९० आहे.